एकोणनव्वदचा दगड

रोज सकाळी साडेसहाला मी शहाऐंशीच्या दगडापासून चालायला लागतो आणि साडेआठपर्यंत नव्वदच्या दगडाशी, म्हणजे स्टेशनात, पोचतो. चार किलोमीटर. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना, थैलीत लाल झेंडी आणि एक वही. रूळ धरून ठेवणारी क्लिप सैल दिसली तर ठोकून बसवायची, रुळाला तडा दिसला तर झेंडी लावून पळत सुटायचं, आणि काहीच दिसलं नाही तर वहीत 'ठीक' लिहायचं. सव्वीस वर्षं मी 'ठीक' लिहितोय. भावोजी म्हणतात, सरकारनं पाय भाड्यानं घेतलेला माणूस त्यांनी दुसरा पाहिला नाही.

या कामाला एक खोड चिकटते. स्लीपर मोजायची. रुळांखाली आडवे टाकलेले हे काँक्रीटचे ओंडके पावलागणिक येतात, आणि डोकं दुसरीकडे असलं तरी पाय मोजत राहतात. आमच्या मार्गावर एका किलोमीटरला सोळाशे साठ स्लीपर. ठेच लागली, कुणाशी बोललो, पाऊस आला, तरी पुढचा दगड आला की आकडा आपसूक समोर उभा राहतो. बढाई नाही मारत. न्हाव्याला डोकं पाहूनच केसांचा अंदाज येतो, तसंच हे.

मार्ग नवा आहे, जुना उखडून त्याच जागी टाकलेला. परदेशी बँकेच्या पैशांनी झाला. रूळ, स्लीपर, सिग्नलचे खांब, सगळं बोटीतून आलं. प्रत्येक स्लीपरवर कारखान्यातच उठवलेला क्रमांक आहे आणि त्याखाली दोन अक्षरं, जी आमच्यात कुणालाच वाचता येत नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी मंत्री म्हणाले की पहिली पाच वर्षं बँकेला एक पैसाही द्यायचा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावोजी माझ्या कानाशी लागले, "फुकट कुणी मीठ देत नाही, आणि हे रूळ देतायत?"

"पाच वर्षांनी देऊ की," मी म्हणालो.

"आणि तोवर ते काय उपाशी बसणार?"

मी हसलो. भावोजी सायकली दुरुस्त करतात आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत पंक्चर शोधतात.

ताई आणि भावोजी एकोणनव्वद आणि नव्वदच्या मध्ये, रुळाला अगदी लागून राहतात. कुंपणाला टेकून तीन खोल्यांचं घर, त्याच्या अलीकडे लिंबाच्या अकरा झाडांची रांग, आणि मागे विहीर. पुढच्या खोलीत खिडकीशी ताईचं शिवणयंत्र. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई सतराची. त्याच यंत्रावर दुसऱ्यांचे कपडे शिवून तिनं मला वाढवलं. मला नोकरी लागल्यावरच तिनं स्वतःचं लग्न होऊ दिलं. मी लग्न केलं नाही. त्यामुळे माझं म्हणावं असं जे काही जगात आहे ते त्या खिडकीत आहे. रोज आठच्या सुमारास मी कुंपणाशी थांबतो, ती खिडकीतून चहाचा कप पुढे करते, मी उभ्यानं पितो आणि पुढे निघतो.

मार्ग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, एक तारखेला, शहाऐंशी ते सत्त्याऐंशी हा आकडा सोळाशे एकोणसाठ आला.

वय झालं, असं मला वाटलं. पुढच्या किलोमीटरातही सोळाशे एकोणसाठ. त्याच्या पुढच्यातही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. दोन स्लीपरांमधलं अंतर जिथल्या तिथे बरोबर होतं. कुठे फट नाही, खडी उकरलेली नाही, रुळावर ओरखडा नाही. मग मी वाकून क्रमांक वाचत निघालो. चार हजार चारशे अकरा, बारा, तेरा, आणि त्याला लागून पंधरा. चौदा नव्हता. काढून नेला असता तर जागा तरी रिकामी राहिली असती. ती जागाच नव्हती.

मी विभागाच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी कपाटातून अंतरांचं पुस्तक काढलं. ते बँकेकडून छापून, बांधून आलेलं आहे. त्यातलं एक अक्षर बदलायचं तर बँकेची संमती लागते.

"पुस्तकात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"एक किलोमीटर."

"मग जमीन चुकलीय. दगड सरकव."

आमच्या खात्याची ही जुनी रीत आहे. पुस्तक चुकत नाही. चुकतो तो माणूस, आणि माणूस सापडला नाही तर जमीन. मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे कबूल करतो. अर्धं आयुष्य मीही असंच कागदाला पटेल ते केलेलं आहे.

किलोमीटरचा दगड एका माणसानं हलत नाही. मी पहिलवानाला हाक मारली. अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वदच्या मध्ये रस्ता रूळ ओलांडतो, तिथल्या फाटकाचा हा फाटकवाला. काडीसारखा माणूस, म्हणून नाव पहिलवान. फाटकालगतच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहतात. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो पहार घेऊन आला. सत्त्याऐंशीचा दगड आम्ही एक स्लीपर पुढे नेला. पहिला किलोमीटर पूर्ण झाला, पण दुसऱ्यात आता दोन कमी. म्हणून अठ्ठ्याऐंशीचा दगड दोन स्लीपर पुढे. मग एकोणनव्वदचा तीन. नव्वदच्या दगडाशी घोडं अडलं. तो स्टेशनाच्या फलाटात सिमेंटनं पक्का बसवलेला आहे. म्हणजे शेवटच्या किलोमीटरात चार स्लीपर कमी राहिले. तसं मी वहीत लिहिलं. साहेब म्हणाले, "राहू दे. फलाटाचं काम निघेल तेव्हा बघू."

चार स्लीपर म्हणजे जेमतेम अडीच मीटर. त्यावर कोण डोकं खाजवणार?

पुढच्या एक तारखेला मी मुद्दाम लक्ष देऊन मोजलं. पहिले तीन किलोमीटर पूर्ण, सोळाशे साठ, एकही इकडे तिकडे नाही. मला हायसं वाटलं. शेवटच्या किलोमीटरातून मात्र आणखी दहा गेले होते.

आमच्या चार किलोमीटरांचे चार धरले तरी हे दहा कुठून आले, ते त्याच दुपारी शहाऐंशीच्या दगडापाशी कळलं. शेजारच्या हद्दीत चालणाऱ्यानं तो उपटून पुढे आणून ठेवला होता. तो दुरून हात हलवत म्हणाला, "माझी हद्द बघ, एकदम बरोबर!" त्यालाही त्याच्या साहेबांनी पुस्तक दाखवलं होतं. त्याच्या मागच्या हद्दीतल्याला त्याच्या साहेबांनी. प्रत्येकानं आपापल्या अंगणातलं पुढच्याच्या अंगणात लोटलं होतं. आणि मी ते सगळं, पहिलवानाला हाताशी धरून, पहार लावून लावून, नव्वदच्या पक्क्या दगडाशी आणून ठेवत होतो. ज्या किलोमीटरला आम्ही पूर्ण करत होतो त्याच्या वाटेला पुन्हा कोणी जात नव्हतं. वहीत जो कमी लिहिलेला, त्याच्यातूनच सगळं जात होतं.

हे मला लगेच कळलं असं नाही. तिसऱ्या महिन्यात कळलं, जेव्हा एकवीस गेले.

स्टेशनात सगळे खुशीत होते. गाडी वेळेआधी येऊ लागली होती. स्टेशनमास्तर म्हणाले, "सव्वीस वर्षांत गाडी लवकर आल्याची तक्रार मी प्रथमच ऐकतोय."

त्या दिवशी मी कुंपणाशी थांबलो तेव्हा लिंबाची झाडं नऊ होती. खुंट नव्हते, खड्डे नव्हते. नऊ झाडं सारख्या अंतरावर, लावल्यापासून नऊच असल्यासारखी उभी होती.

"ताई, दोन झाडं कुठे गेली?"

"कुठे जातील?" ती सुईत दोरा ओवत होती. "जाणार कुठे झाडं? असतील तितकी असतील. चहा घे, निवतोय."

मी आत गेलो. सहसा जात नाही, बूट काढायचा कंटाळा. पुढच्या खोलीतले पडदे खिडकीच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त झाले होते आणि ताईनं ते दुमडून टाके घातले होते. तिच्या हातचं माप चुकत नाही. "टेप जुनी झाली, ताणलीय," ती म्हणाली. मधल्या खोलीत भावोजी पलंगाला करवत लावून बसले होते. पलंग दोन्ही भिंतींना टेकत होता.

"लाकूड फुगलंय," ते म्हणाले. नेहमीचं हसू चेहऱ्यावर नव्हतं.

"भावोजी, लाकूड लांबीला फुगतं का?"

"मग काय भिंती चालत आल्या?" त्यांनी करवत थांबवली. माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कापायला लागले.

मागे विहीर होती. ती मी लहानपणापासून विहिरी पाहतो तशीच गोल होती, दगडी काठाची. आता ती अंड्यासारखी झाली होती. रुळाच्या दिशेनं आखूड, दुसरीकडून होती तेवढीच. काठाचे दगड एकमेकांत इतके नीट बसले होते की सांधा शोधूनही सापडला नाही. काठाशी ताईचं कुत्रं दुपारचं झोपायचं. त्याची ताटली तिथे होती.

"ते दोन दिवस दिसलं नाही," ताई मागून म्हणाली. "येईल. भूक लागली की येईल."

मी घरासमोरचे स्लीपर मोजले. ताईचं घर बावीस स्लीपर लांब होतं, आता एकोणीस. गळालेले क्रमांक खडूनं लिहून काढले तर दिसलं की पहिल्या महिन्यातला इथला एकच, दगडाजवळ होता, दुसऱ्यातले झाडांच्या रांगेशी, तिसऱ्यातले विहिरीशी आणि घरात. चार, दहा, एकवीस. पुढच्या एक तारखेला चाळीसच्या वर जाणार, हे सांगायला शिकलेला माणूस लागत नाही. चाळीसात एकोणीस सहज बसतात.

मी ताईला म्हणालो, "काही दिवस माझ्याकडे येऊन राहा. दोघंही."

"का?"

मी सांगितलं. जसं आहे तसं, आकड्यांसकट. ती ऐकून घेत होती, पण पाय यंत्रावरून काढला नाही.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"आणि परत आले तर घर असेल का?"

मी खडू खिशात टाकला.

"मग तू मला घर सोडायला सांगतोयस. तसं सांग ना सरळ." तिनं कापड फिरवलं. "स्टेशनातल्या लोकांचे चाळीस गणवेश द्यायचेत मला. तुझ्या खोलीत यंत्र ठेवलं तर तू बाहेर झोपशील. सगळं आयुष्य मी इथे मांडलं, आता या वयात तुझ्या मोजण्यापायी ते गुंडाळू? तू लहानपणीही आकाशातले तारे मोजून घाबरायचास."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिला मी बाहेर ओढून काढू शकत नव्हतो. आजवर तिनं माझं ऐकलंय असं एकदाही झालेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी जंक्शनला गेलो. तिथे वरच्या मजल्यावर बँकेच्या सल्लागारांचं कार्यालय आहे. स्वच्छ, गार खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर आमच्या मार्गाचा नकाशा. सल्लागार उठून उभे राहिले. आपली भाषा ते पुस्तकातून शिकलेले असावेत. प्रत्येक शब्द धुऊन वाळवून घडी घातल्यासारखा.

"आपण चालत असता ना? शहाऐंशी ते नव्वद," ते म्हणाले. "आपल्या नोंदी अत्यंत व्यवस्थित असतात."

"साहेब, मार्ग कमी होतोय."

"होय."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. येताना गाडीत तीन तास मी पटवून द्यायची तयारी केली होती.

"हे थांबवा," मी म्हणालो.

"आम्ही काही करत नाही. पाच वर्षे आम्ही एक पैसाही मागणार नाही. तसे वचन दिलेले आहे."

"मग जमीन कुठे जाते?"

ते नकाशाकडे वळले. "जागा आम्ही निवडत नाही," ते म्हणाले. "ज्या किलोमीटरापुढे तूट नोंदलेली असते, केवळ त्याच्याशी आमचा संबंध येतो. नोंद आपली असते. आपल्या भगिनी तेथे राहतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या सुखरूप असाव्यात, असे आम्हालाही वाटते."

ताईबद्दल मी तिथे अवाक्षरही काढलं नव्हतं.

त्यांनी दारापर्यंत येऊन मला निरोप दिला. जिना उतरताना माझे पाय मोजत होते. चढताना पायऱ्या किती होत्या, ते मी आठवायचं टाळलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी नऊला मी फाटकावर गेलो. पहिलवान खोलीच्या दारात बसून कंदिलाची काच पुसत होता.

"चल, दगड हलवायचाय."

"पुन्हा?" त्यानं पहार उचलली. "कुठला?"

"एकोणनव्वदचा. मागे घ्यायचाय. पस्तीस स्लीपर."

"उलटा? दगडाला माहेरची आठवण आली वाटतं," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

हिशोब सोपा होता. शेवटच्या किलोमीटरात पस्तीस कमी होते. एकोणनव्वदचा दगड पस्तीस स्लीपर मागे आणला की ताईचा किलोमीटर पूर्ण. मग तूट लिहायची ती अठ्ठ्याऐंशी ते एकोणनव्वदसमोर. त्यात काय आहे? माळ, एक ओढा, बाभळी, आणि फाटक. फाटक आणि खोली मिळून सहा स्लीपरांची जागा. सोळाशे साठात सहा. मी स्वतःला म्हणत होतो की नेमकं तेच कशाला जाईल? ताईच्या घराच्या वेळी मात्र मी असं म्हटलं नव्हतं. तिथे माझं गणित वेगळं होतं.

आम्ही खणलं. ऊन चांगलंच चढलं होतं. पहिलवान काडीसारखा असला तरी पहार मारायला वाकबगार होता. दगड सुटला, आडवा केला, आणि दोघांनी मिळून ढकलत, मधे मधे टेकत, मागे आणला.

"परवा बायको येतेय," तो धापा टाकत म्हणाला. "डोळ्याचं ऑपरेशन झालं शहरात. पंधरा दिवस हातानं करून खातोय, पोटाचं पार वाटोळं झालंय."

"चांगलं झालं का ऑपरेशन?"

"झालं म्हणतात. आल्यावर मला पाहून घाबरली नाही म्हणजे झालं."

मी विचारलं, "उद्या कुठे जाणार आहेस का तू?"

"मी? फाटक सोडून कुठे जाणार?"

ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. पण सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, की मग हा दगड आपण कशाला आणला? आणि पहार घेऊन तो परत नेला असता. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

अठ्ठ्याऐंशीचाही दगड मागे घेता आला असता. सत्त्याऐंशीचाही. तूट चारही किलोमीटरांत वाटली असती तर कुणाच्याच वाट्याला फार आली नसती. हे मला नंतर सुचलं. किंवा तेव्हाच सुचलं होतं आणि अकराची गाडी येणार होती, पहिलवानाला फाटक बंद करायला जायचं होतं, एवढं कारण मला पुरलं.

त्यानं दगडाभोवतीची माती पायानं दाबली. "बसला पक्का," तो म्हणाला, आणि पहार खांद्यावर टाकून गेला.

मी वही काढली. एकोणनव्वद ते नव्वद, पूर्ण. अठ्ठ्याऐंशी ते एकोणनव्वद, पस्तीस कमी. खाली सही केली.

एक तारखेला मी नेहमीच्या वेळी निघालो.

शहाऐंशी ते सत्त्याऐंशी, पूर्ण. सत्त्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी, पूर्ण.

अठ्ठ्याऐंशीनंतर मी मान खाली घातली आणि फक्त क्रमांक वाचत चाललो. माळ संपला. ओढ्यावरची मोरी आली. ती फाटकाच्या पुढे असते.

मी मान वर केली.

मागे फाटक नव्हतं. खोली नव्हती. रस्ताही नव्हता. दोन्हीकडचा माळ एकमेकाला लागलेला होता, गवताची उंचीसुद्धा सारखी. कुंपणाची तार एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरळ गेली होती. तिला कुठे गाठ नव्हती.

मी हाक मारली. पहिलवान हेच नाव तोंडात होतं, तेच मारलं. त्याचं खरं नाव मला माहीत नव्हतं.

मग मी पुढे चालू लागलो. गाडी यायची होती.

ताईच्या किलोमीटरात सोळाशे साठ भरले. नऊ झाडं होती. ताईनं खिडकीतून कप पुढे केला. मी तो घेतला आणि अर्धा चहा बुटांवर सांडला.

"बरं नाही का?" तिनं विचारलं.

"ठीक आहे."

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. लहानपणी मी खोटं बोललो की ती अशीच बघायची. मग तिनं कप परत घेतला आणि खिडकी लावून घेतली. त्या खिडकीची झडप मी प्रथमच बंद पाहिली.

दिवसभरात दोन ट्रकवाले स्टेशनात रस्ता विचारायला आले. स्टेशनमास्तरांनी त्यांना पुलाखालून जायला सांगितलं. साहेबांना मी कळवलं. ते म्हणाले की फाटक पुस्तकात नाहीच, पुस्तकात फक्त अंतरं असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पहिलवानाची बायको आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. फलाटावर तिनं मला आवाजावरून ओळखलं.

"भाऊ, हे आले नाहीत का न्यायला?"

"फाटक सोडून कसा येणार तो," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते सहज गेलं.

"तेही खरंच. तुम्ही तिकडेच निघालात का? मला सोबत होईल."

आम्ही रुळाच्या कडेनं निघालो. ती जपून पावलं टाकत होती. ताईची खिडकी बंद होती. आतून यंत्राचा आवाज येत होता, आम्ही समोर आलो तसा तो थांबला, आणि आम्ही पुढे गेल्यावरही सुरू झाला नाही. एकोणनव्वदचा दगड गेला. मोरी गेली. ती बोलत होती, शहरातल्या दवाखान्याबद्दल, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीबद्दल. मग तिची पावलं मंदावली.

"फाटक मागे राहिलं का हो?"

"नाही वहिनी. अजून थोडं पुढे."

अठ्ठ्याऐंशीचा दगड आला. ती थांबली, वाकली, दगडावरचा आकडा बोटांनी चाचपला.

"हा तर पार मागचा," ती म्हणाली. मला वाटलं, आता तिला कळणार. पण ती ओशाळून हसली. "डॉक्टर म्हणाले होते. काही दिवस अंतराचा अंदाज येणार नाही, जवळचं लांब वाटेल, लांबचं जवळ. घाबरू नका म्हणाले, सवय होईल."

आम्ही वळलो. मोरीपर्यंत गेलो. पुन्हा वळलो. उन्हं वर आली होती. तिसऱ्यांदा वळलो तेव्हा ती दमली.

"तुम्हाला कामं असतील, भाऊ. माझ्यापायी खोळंबू नका." तिनं कुंपणाच्या तारेला हात लावून पाहिला आणि तिथेच गवतावर पिशवी ठेवून खाली बसली. "मी इथेच थांबते. अकराच्या गाडीला ते फाटक बंद करायला बाहेर येतीलच. तेव्हा दिसेल मला."

अकराची गाडी पावणेअकरालाच गेली. तिनं तोंड वळवून एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या.

"आज लवकर आली," ती म्हणाली. "त्यांची धांदल उडाली असेल."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना," ती म्हणाली. "जागा आहे की भरपूर."